नाच बसविणारे

आमच्या मुलखात नाच ‘बसवितात’. नाटक बसवावे, पदाला चाल बसवावी, त्याच क्रियापदाने महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर नाचाचीही गोष्ट होते. आणि श्रावण सरत आला, भाताची बेणणी उरकली, म्हणजे एका वाडीचा माणूस दुसऱ्या वाडीच्या माणसाला बांधावर उभा राहून जे काही विचारी, त्यात ‘यंदा तुमचा नाच कोण बसवतोय?’ हा प्रश्न हटकून असे. तोच प्रश्न आज महाड शहरात डिसेंबर महिन्यात, शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या दिवसांत, रिक्षातून उतरणाऱ्या आयांच्या तोंडी ऐकू येतो: ‘पोरांचा डान्स कोण बसवतंय?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या कुळवाड्याचे नाव असे आणि दुसऱ्याचे उत्तर कोणा तरुण ‘सरां’चे असते; क्रियापद मात्र शंभर वर्षांत बदललेले नाही.

हे तरुण सर हिप-हॉप शिकवितात. स्वतः नाचावे, दुसऱ्यांसाठी नाच रचावा आणि लहानांना तो शिकवावा, अशा तीन कामांची मोट बांधून हे लोक चरितार्थ चालवू पाहतात. आणि गावातील वडीलधारी मंडळी ओटीवर बसून ‘हा एक नवाच धंदा निघाला’ असे म्हणतात, तेव्हा त्या बोलण्यात तिरस्कारापेक्षा काळजीच अधिक असते हे मान्य करूनही मला त्यांच्या विधानास हरकत घ्यावीशी वाटते. हा धंदा नवा नाही. नाचणारा, नाच रचणारा व नाच शिकविणारा असा एकाच देहात वसणारा त्रिविध कारागीर या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या होता. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही, आणि ती का झाली नाही याचा शोध हाच या लेखाचा विषय आहे.

ज्या भूमीत हा कारागीर निपजला ती भूमी उदार नव्हे. सह्याद्रीच्या ऐन कुशीत असलेला पोलादपूर तालुका बहुतांशी डोंगरउताराचा. आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वराकडे आणि कशेडीच्या घाटाने खेडाकडे वाट जाते, आणि या दोन घाटांच्या मधल्या बेचक्यात सावित्री उगमाकडून खळाळत येऊन महाडापाशी गांधारीला भेटते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तरी खाचरे थोडी आणि वरकस जमीन फार. राब भाजावा, नाचणी-वरी काढावी, त्यातून खोताचा वाटा मापून द्यावा आणि उरेल त्यावर शिमग्यापर्यंत कसेबसे पोहोचावे, असा कुणब्याचा संसार होता. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, परंतु तोवर घरटी एक पुरुष मुंबईस धाडण्याची चाल इतकी मुरली होती की खोत गेल्यावरही ती राहिली. दासगावच्या बंदरातून पडावाने खाडी उतरून बाणकोटला जावे, तेथून आगबोट धरावी, आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरून गिरणगावातील गावकीच्या खोलीत वळकटी टाकावी, हा त्या काळचा मार्ग. १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढल्या अर्धशतकात गिरण्यांची धुराडी वाढत गेली, तसतसा रत्नागिरी व कुलाबा या जिल्ह्यांचा पुरुषवर्ग तिकडे ओढला गेला. आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा असे होते, हे तरुण वाचकांसाठी सांगून ठेवतो.

मुंबईने या माणसांस ‘बाल्ये’ म्हटले. कानात बाळी घालणारा, घरकाम करणारा, गोदीत ओझी उचलणारा, साच्यावर उभा राहणारा कोकणी गडी तो बाल्या. आणि तो जो नाच नाचे तो ‘बाल्या डान्स’. या नावात शहराची बेपर्वाई आहे. नाचाचे घरचे नाव जाखडी. एकमेकांस जखडून, साखळी करून नाचतात म्हणून जाखडी, अशी व्युत्पत्ती जाणकार सांगतात. कोणी त्याला चेऊलीचा नाच असेही म्हणतात. नाव कोणतेही घ्या, गणपतीच्या दिवसांत रजा काढून, पगारातून उचल घेऊन, गड्यांचे तांडेच्या तांडे गावी परतत आणि त्या पाच-सात रात्रींत आमच्या वाड्या जशा जाग्या राहत तशा त्या वर्षात पुन्हा फक्त शिमग्यातच जागत.

जाखडीचे दृश्य ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी ते थोडक्यात उभे करतो. मध्यभागी घोंगडी अंथरलेली. तिच्यावर ढोलकीवाला, झांजवाला, गाणारा शाहीर आणि त्याचे झीलकरी. त्यांच्याभोवती आठ-दहा नाचे वर्तुळ धरून उभे. कमरेला शेला, डोक्याला फेटा आणि उजव्या पायात चाळ. एका पायात चाळ असल्याने एक पाऊल बोलते आणि दुसरे मुके राहते. म्हणजे नाच बसविणाऱ्यास बोलके पाऊल समेवर पडेल आणि मुके पाऊल तोल सांभाळील अशी जुळणी दर पदाला नव्याने करावी लागते. प्रारंभी गण मंद लयीत. नंतर गवळण, मग सवाल. आणि ढोलकी चढू लागली की वर्तुळ आवळते, सुटते, उलट फिरते, गुडघे जमिनीकडे झुकतात आणि त्याच झटक्यात देह वर उसळतो. कंदिलाच्या आणि पुढे गॅसबत्तीच्या उजेडात या उसळीची सावली कुडाच्या भिंतीवर पडे, ती पाहत बायाबापड्या माजघराच्या दारात पहाटेपर्यंत बसून राहत.

या उसळीच्या पाठीमागे महिनाभराची तालीम असे. ही तालीम मी लहानपणी पाहिली आहे. आमच्या वाडीतील एक वृद्ध गृहस्थ नाच बसवीत. अक्षरशत्रू माणूस, गिरणीत वीस-पंचवीस वर्षे काढून गावी आलेला. श्रावणातल्या पावसात अंगण चिखलाने भरलेले असे, म्हणून तालीम पडवीत चाले. चुलीतली राख चाळून ती जमिनीवर पातळ पसरायची, पोरांनी तिच्यावर वर्तुळ धरून नाचायचे आणि पद संपले की सर्वांनी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. मग हे गृहस्थ कंदील हातात घेऊन वाकून एकेकाचे ठसे पाहत. ठसा स्वच्छ उमटला असेल तर पुढे सरकत. फरफटलेला दिसला तर ज्याचा तो असेल त्याच्या घोट्यावर दोन बोटे टेकवून ‘हा पाय अजून तुझा झाला नाही’ एवढेच म्हणत. आकडे ते कधी मोजीत नसत. ढोलकीचे बोल तोंडाने काढीत, आणि त्या बोलांत कोठे वळायचे, कोठे बसायचे, कोठे श्वास घ्यायचा हे सर्व अंतर्भूत असे. आज नृत्यदिग्दर्शनाच्या शिक्षणात ज्याला भारस्थापन, रचना व अवकाशाचा विनियोग अशी मोठी नावे देतात, ते सर्व त्या पडवीत राखेवर शिकविले जात होते. आणि त्याचे मोल म्हणाल तर नारळ, पानसुपारी, शेरभर तांदूळ, आणि मंडळाची शिल्लक बरी असेल त्या वर्षी एखादे धोतर.

येथे व्यवहाराचे शब्द ध्यानात घेण्याजोगे आहेत. बाहेरगावचे बोलावणे आले तर त्याला ‘सुपारी’ म्हणत. सुपारीबरोबर थोडा इसार मिळे. कार्यक्रम झाला की बिदागी. हे शब्द दप्तरी व्यवहाराचे आहेत, म्हणजे करार, आगाऊ रक्कम आणि मोबदला या तिन्ही गोष्टी या कलेत होत्या. सुपारी मात्र शाहिराच्या नावाने येई, बिदागी शाहिराच्या हाती पडे आणि तिची वाटणी मंडळात होई. नाच बसविणाऱ्याचा निराळा हिस्सा धरण्याची पद्धत माझ्या पाहण्यात नव्हती. गावगाड्यात गुरवाला वतन होते, वाजंत्र्याला हक्क होता, सुतार-लोहाराला बलुते होते; नाच रचणारा मात्र बलुतेदारांच्या यादीत कधीच आला नाही. खानेसुमारीच्या कारकुनाने धंदा विचारला असेल तेव्हा त्याने ‘शेती’ किंवा ‘गिरणी’ असेच उत्तर दिले असणार, कारण आपण करतो ते काम आहे असे त्याला स्वतःलाही कोणी सांगितले नव्हते.

याचे कारण मला त्या वर्तुळाच्या रचनेतच दिसते. जाखडीच्या मध्यभागी शब्द बसलेला आहे. नाचे भोवती फिरतात आणि मध्ये शाहीर गातो. शक्ती-तुऱ्याचा सामना ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे सहज पटेल. शक्तीवाले प्रकृतीस श्रेष्ठ मानणार, तुरेवाले पुरुषास; एकाने पुराणातला कूट प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत त्याची उकल करून उलट सवाल फेकायचा, आणि शेवटच्या कडव्यात कवीने स्वतःचे नाव, गावाचे नाव आणि गुरूचे नाव गुंफून नाममुद्रा उमटवायची. या नाममुद्रेमुळे शाहिरांच्या गुरुपरंपरा मुखोद्गत राहिल्या. पदांच्या वह्या घरोघर जपल्या गेल्या. कित्येक वह्या लाल कापडात बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. पण त्या पदावर कोणते पाऊल पडत होते, ते कोणी बसविले, त्याचा गुरू कोण, हे कोणत्याच कडव्यात आलेले नाही.

आणि हा मुलूख तर शब्दांवर पहिल्यापासून लुब्ध. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे, महाड तालुक्यातील शिवथरघळीत समर्थांनी ‘दासबोध’ सांगितला अशी श्रद्धा आहे, उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांची कीर्ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने महाराष्ट्रभर नेली. तलवार आणि लेखणी या दोहोंची स्मारके येथे आहेत. १८८३ साली छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात महाडचे बंदर, पेठ, व्यापार यांची तपशीलवार हकीकत दिली आहे. पायाने जे लिहिले गेले ते मात्र पुसले गेले.

याच महाडात नाचण्या-वाजविण्याच्या व्यवहारास एक निराळे वळण लागले, आणि ते सांगितल्यावाचून हा इतिहास अपुरा राहील. खालूबाजा हे आमच्या भागाचे वाद्य. पालखी नाचवायची ती त्याच्या तालावर, आणि वीरेश्वराच्या छबिन्यास गावोगावच्या पालख्या व सासणकाठ्या महाडात येतात त्याही अशाच वाजत-गाजत. पण गावकीत वाजविण्याचे काम पुष्कळ ठिकाणी महार समाजाच्या माथी परंपरेने मारलेले होते, आणि ज्याच्या वाद्यावर देव नाचे त्याला देवळाच्या पायरीशी व तळ्याच्या काठाशी मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरास येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. या चळवळीने आत्मसन्मानाची जी दीक्षा दिली तिच्यात गावकीची अपमानास्पद कामे सोडण्याचा निर्धार होता. १९५८ च्या कायद्याने महार वतनच संपुष्टात आले. अनेक घरांनी वाद्य खाली ठेवले. कलेची हानी झाली असे त्यावर हळहळणारे लोक मला भेटतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. जे वाजविणे नाकारण्याचा अधिकार वाजविणाऱ्याला नाही, ते वेठ आहे, आणि वेठ बुडाली तर तिचा शोक करू नये. त्या कंठातली व बोटांतली विद्या मेली नाहीच. ती जलशात गेली. १९३१ च्या सुमारास भीमराव कर्डकांनी नाशिककडे आंबेडकरी जलसा उभा केला, आणि पुढे या जलशांनी गवळणीतील शृंगार व थट्टा बाजूस सारून तेथे प्रबोधनाचे संवाद आणले. शब्दाची प्रतिष्ठा त्याने आणखी वाढली. पावलाचे महत्त्व मात्र तेथेही कमीच झाले.

मुंबईतील या कलांचे माहेरघर म्हणजे परळचे दामोदर नाट्यगृह. १९२२ साली ते उभे राहिले. ज्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचार करण्यासाठी बाबासाहेबांनी बैठक बोलावली, तेथेच गिरणगावच्या चाकरमान्यांनी नमन, जाखडी, शक्ती-तुऱ्याचे सामने दशकानुदशके केले. ग्रामस्थ मंडळाने नाट्यगृहाचे भाडे भरावे, तिकिटे छापून खोल्याखोल्यांतून खपवावी आणि जमलेल्या पैशांतून गावच्या देवळाचे पत्रे किंवा शाळेची भिंत बांधावी, अशी ती रीत. अंगणातला नाच रंगमंचावर आला, त्याबरोबर वर्तुळाचे अर्धवर्तुळ झाले, कारण प्रेक्षक आता एकाच बाजूस बसत होता; शाहीर मधून उठून कडेला गेला. नाचाच्या इतिहासात ही फार मोठी घटना होती. प्रेक्षकाला सन्मुख राहून रचना करणे म्हणजे आधुनिक अर्थाने नृत्यदिग्दर्शन, आणि ते काम गिरणीतल्या पाळीवरून आलेल्या अनाम माणसांनी कोणाच्याही शिकवणीवाचून केले. २०२३ च्या नोव्हेंबरात ते नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झाले.

एका माणसाचे नाव मात्र या गिरणगावाने पडद्यावर पोहोचविले. भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा, जन्म १९१३. १९५१ च्या ‘अलबेला’त त्याने जे पदन्यास केले त्यांत कोठलाही दरबारी डौल नव्हता, गुडघ्यात किंचित वाकून, खांदे सैल सोडून, जागच्या जागी डुलत तो नाचला, आणि मिरवणुकीत, वरातीत, विसर्जनात सारा हिंदुस्थान तसा नाचू लागला. तो कोकणातल्या अंगणातून आला की चाळीच्या चौकातून, हे ठरविण्याचा मी हट्ट धरणार नाही. परंतु जाखडीच्या वर्तुळातला कोणताही म्हातारा ते गाणे पाहताना ओळखीचे हसत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो विधिवत कधी मागे घेतलाच गेला नाही. परळ-लालबागच्या खोल्या विकून आमची माणसे भाईंदर, वसई, नालासोपारा, विरार, दिवा अशी दूर दूर पांगली. काही गावी परतली. त्याच सुमारास चित्रपटांतून, दूरदर्शनवरून आणि ध्वनिफितींतून एक निराळाच ताल येऊ लागला. सत्यनारायणाच्या पूजेला, जत्रेला, गणेशोत्सवाच्या मंडपात ‘रेकॉर्ड डान्स’ होऊ लागले. ध्वनिफीत लावावी आणि पोरांनी तिच्यावर नाचावे. शाहीर नको, ढोलकी नको, सवाल-जवाब नको. जुन्या मंडळींनी याला पोरखेळ म्हटले. मी त्यात एक मुक्तता पाहतो, जरी ती किंमत देऊन मिळाली असली तरी: आमच्या मुलखात प्रथमच वर्तुळाचा मध्य रिकामा झाला आणि तेथे नाचणारा उभा राहिला.

योगायोग असा की सातासमुद्रापलीकडे ज्या कलेचा जन्म झाला तिचे मर्म नेमके हेच होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमैकातून आलेल्या कुटुंबातील क्लाइव्ह कॅम्पबेल या तरुणाने बहिणीने आयोजिलेल्या एका समारंभात तबकड्या वाजविल्या. लोक गाण्यापेक्षा गाण्यातल्या शब्दहीन, केवळ वाद्यांच्या तुकड्यावर अधिक बेभान होतात हे त्याने हेरले होते. तो तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने फिरवून तो लांबवीत नेऊ लागला, आणि त्यावर नाचणारे ते बी-बॉय झाले. तेही पोटासाठी देश सोडून आलेल्यांचे पुत्र, तेही वर्तुळ धरून उभे राहत, आणि त्यांचाही सामना होत असे. पण त्यांच्या वर्तुळात मध्यभागी कोणी बसत नसे. एकेकाने आत शिरायचे, आपले नाव पावलांनी सांगायचे आणि बाहेर पडायचे. नाममुद्रा तेथे देहाची होती.

ही कला मुंबईत रुजली ती उपनगरांत, आणि ज्या वसई-नालासोपारा-भाईंदर पट्ट्यात गिरणगावची माणसे पांगली होती त्याच पट्ट्यात तिने आपली थोर पथके घडविली, हे मला अर्थपूर्ण वाटते. सुरेश मुकुंद यांच्या ‘किंग्ज युनायटेड’ पथकाने २०१५ साली सॅन डिएगो येथील जागतिक हिप-हॉप स्पर्धेत कांस्यपदक मिळविले आणि २०१९ साली ‘द किंग्ज’ या नावाने अमेरिकेतील ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकले. भाईंदरकडच्या ‘व्ही अनबीटेबल’ने २०२० साली ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’च्या विजेत्यांच्या स्पर्धेत पहिला क्रमांक पटकावला. गच्चीवर, मैदानात, भाड्याच्या लहानशा खोलीत सराव करणारी ही मुले. त्यांचे मनोरे आणि झेपा दूरचित्रवाणीवर पाहून पोलादपूरच्या वाडीतले पोर पडवीत उलट्या मारू लागले, ते आपल्या आजोबांच्या पडवीत, हे त्याला ठाऊक नव्हते.

अशा पोराची वाट पुढे कशी जाते ते आता थोडे सांगतो. बारावीनंतर तो मुंबईला मामाकडे जातो. दिवसा एखाद्या दुकानात किंवा कुरिअरच्या कामावर, संध्याकाळी क्लास. कॅलिफोर्नियातून आलेले लॉकिंग आणि पॉपिंग, ब्राँक्सचे ब्रेकिंग, ही भिन्न घराणी आहेत आणि प्रत्येकाचा पाया निराळा, हे तेथे कळायला त्याला वर्ष लागते. मोठ्या पथकात मागच्या रांगेत उभे राहायला मिळते. लग्नाच्या ‘संगीत’ समारंभांत यजमानांच्या नातेवाइकांना नाच शिकवायचे काम मिळते. दूरचित्रवाणीच्या निवडफेरीच्या रांगेत रात्र काढूनही परत यावे लागते. मग केव्हातरी आजारी वडील, पावसाळ्यात गळणारे घर, किंवा मुंबईतल्या भाड्याचा बोजा त्याला महाडला आणतो, आणि तो एखाद्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आरसे लावून वर्ग उघडतो. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावू लागली, वीर स्थानक महाडाजवळच आहे. त्यामुळे शनिवार-रविवार मुंबईस जाऊन स्वतः शिकायचे आणि उरलेले दिवस येथे शिकवायचे, हे त्याला जमते. उत्पन्नाचे ऋतू असतात, जसे शेतीचे: भाद्रपदात मंडळांचे नाच, डिसेंबर-जानेवारीत शाळांची संमेलने, वैशाखात लग्ने, आणि आषाढात काहीच नाही. २०२१ च्या जुलैत महापुराने महाडची पेठ बुडाली आणि तळियेवर डोंगर कोसळला; त्या वर्षी पुष्कळांनी पुष्कळ गमावले, त्यांत तळमजल्यावरच्या वर्गांचे ध्वनिक्षेपक व आरसे ही हानी लहानच म्हणायची.

अशा एका वर्गात मी अलीकडे तासभर बसलो होतो. पंधरा-वीस मुले, त्यांत निम्म्याहून अधिक मुली. ज्या नाचात त्यांच्या आज्यांना माजघराच्या दाराबाहेर पाऊल ठेवता आले नाही, त्यात या पोरी आज पहिल्या रांगेत उभ्या. शिक्षक ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ असे मोजीत होता. एका मुलाचा पाय सारखा घसरत होता. तीनदा सांगून झाल्यावर शिक्षकाने गाणे थांबविले, त्या मुलासमोर उकिडवा बसला आणि त्याच्या घोट्यावर दोन बोटे टेकवून म्हणाला, ‘वजन दे. हा पाय तुझा आहे.’ त्याने हे कोणाकडून घेतले असे मी विचारले नाही. त्याला सांगता आले नसते, आणि मला जे वाटले ते त्या क्षणी बोलून दाखविण्याजोगे नव्हते.

पण नोंदीचा प्रश्न उरतोच, आणि तो भावनेचा नाही, हक्काचा आहे. १९५७ च्या आपल्या प्रताधिकार कायद्यात नृत्यरचनेस नाट्यकृतीच्या व्याख्येत स्थान दिले आहे. अट एवढीच, की ती रचना लेखी किंवा अन्य रीतीने निश्चित केलेली असावी. राखेवर उमटलेला ठसा या कायद्यास दिसत नाही. वृद्ध साहित्यिक व कलावंतांस महाराष्ट्र शासन मानधन देते, आणि २०२४ पासून ते दरमहा ५,००० रुपये झाले; परंतु त्यासाठी आपण कला केली याचा कागदोपत्री पुरावा जोडावा लागतो, आणि शाहिराचे नाव जसे हस्तपत्रिकेवर असते तसे नाच बसविणाऱ्याचे नसते. म्हणून आयुष्यभर तालमी घेतलेला म्हातारा तहसील कचेरीच्या बाकावर रिकाम्या हाताने बसतो. उद्या आजच्या तरुण सरांचीही तीच गत होईल, कारण स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांचे, संस्थाचालकांचे, मंडपवाल्याचेसुद्धा नाव असते, आणि पोरांचा डान्स कोणी बसविला ते कोठेच छापलेले नसते. आलेल्या फीची पावती देण्याची रीतही फारशी नाही.

महाड व पोलादपूर तालुक्यांतील ग्रामस्थ मंडळांस, त्यांच्या मुंबईकर शाखांस आणि शाळांच्या मुख्याध्यापकांस माझी विनंती आहे, की यंदाच्या भाद्रपदापासून आपल्या पत्रिकेवर ‘नाच बसविणार’ अशी एक ओळ घालावी आणि तिच्यापुढे पूर्ण नाव व गाव छापावे. आणि ज्यांच्या घरी पदांच्या जुन्या वह्या आहेत, त्यांनी त्या पुराच्या पाण्यापासून उंच जागी ठेवाव्यात, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि त्या पदांवर नाच कोण बसवीत असे ते विचारून वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून काढावे. सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.